ओपी९-डीएल१ पेशी: टी पेशी घडताना बघायची असेल तर

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत मी कल्चर रूम सांभाळते. उंदराच्या अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींपासून टी पेशी (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) वाढवायच्या असतील तर कुठली सिस्टीम घ्यावी, असं विचारणारे निरोप अधूनमधून येतात. विचारणारे बहुतेक एमएस्सी उरकून नुकतेच पीएचडीला लागलेले असतात. दर वेळी फोनवर तुटक सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते. हे परीक्षण ओपी९-डीएल१ या आधारपेशींचं आहे, म्हणजे ज्यांच्या थरावर मूळ पेशी ठेवल्या की त्या टी पेशींच्या वाटेला लागतात. आमच्याकडे त्या कित्येक वर्षं चालू आहेत आणि माझं मत पक्कं आहे. एखादी पेशी टी पेशी व्हायचं नेमकं कधी ठरवते, हा तुमचा प्रश्न असेल तर यापेक्षा चांगलं साधन मला दिसलेलं नाही. तयार, परिपक्व टी पेशी हव्या असतील तर मात्र दुसरीकडे बघा.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण ती माहीत नसेल तर या पेशींचं मोल कळणार नाही. टी पेशी घडतात थायमसमध्ये, म्हणजे छातीच्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या अंगाला बसलेल्या ग्रंथीत. १९६१ साली लंडनमध्ये जॅक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची ही ग्रंथी काढून टाकली. त्या पिल्लांच्या रक्तातल्या लिम्फोसाइट घटल्या, संसर्ग झेपेनात, परक्या उंदराची त्वचा लावली तरी ती नाकारली जाईना. तोवर या ग्रंथीला काही महत्त्वाचं काम आहे असं फारसं कुणी मानत नव्हतं. पण पेशी मुळात थायमसच्या नसतात. त्या अस्थिमज्जेतून रक्तावाटे येतात, आणि येतात तेव्हा त्यांचं काहीच पक्कं नसतं. थायमसमध्ये शिरल्यावरही काही दिवस त्यांना एनके पेशी, डेंड्रिटिक पेशी, मॅक्रोफेज अशा दुसऱ्या प्रतिकारपेशी व्हायची मुभा असते. तिथल्या उपकला पेशींवर डेल्टा-लाइक ४ नावाचं प्रथिन असतं. ते आलेल्या पेशीच्या नॉच१ या रिसेप्टरला (पृष्ठभागावरच्या, संदेश घेणाऱ्या प्रथिनाला) भिडतं, नॉचचा आतला तुकडा कापला जातो, केंद्रकात पोचतो आणि जनुकं चालू करतो. १९९९ मध्ये याची खात्री दोन्ही बाजूंनी पटली. नॉच१ काढून टाकल्यावर थायमसमध्ये टी पेशींच्या जागी बी पेशी साचल्या, आणि नॉच सतत चालू ठेवल्यावर अस्थिमज्जेतच टी पेशी तयार व्हायला लागल्या.

इतकं कळूनही हे सगळं प्लेटमध्ये करता येत नव्हतं. भ्रूणाच्या थायमसचा इवलासा गोळा काढून, त्यातल्या मूळच्या पेशी रसायनाने घालवून, त्यात नव्या पेशी सोडायच्या, ही जुनी पद्धत. ती अजूनही उत्तम आहे, पण हात बसायला फार वेळ लागतो आणि गोळ्याच्या आत काय चाललंय ते मध्येच बघता येत नाही. २००२ साली टोरांटोमध्ये थॉमस श्मिट आणि हुआन कार्लोस सुनिगा-फ्लुकर यांनी ओपी९ नावाच्या आधारपेशीत डेल्टा-लाइक १ चं जनुक घातलं. नुसत्या ओपी९वर ज्या मूळ पेशी बी पेशी व्हायच्या, त्या आता टी पेशींच्या वाटेला लागल्या. थायमस नाही, गोळा नाही. साधी प्लेट, साधा इन्क्युबेटर.

ओपी९ची निवडही विचारपूर्वक होती. या पेशी नवजात उंदराच्या कवटीच्या हाडातून आलेल्या आहेत, आणि तो उंदीर असा की त्याच्यात एम-सीएसएफ हा घटक तयारच होत नाही. एम-सीएसएफ असला की मूळ पेशी मॅक्रोफेज होण्याकडे ओढल्या जातात आणि प्लेट त्यांनीच भरून जाते. तो नसल्यामुळे लिम्फॉइड पेशींना (टी, बी वगैरे) जागा मिळते. १९९४ मध्ये नाकानो, कोदामा आणि होंजो यांनी याच ओपी९वर भ्रूणीय स्टेम पेशींपासून रक्तपेशी वाढवून दाखवल्या होत्या.

आता वापराबद्दल. अल्फा-एमईएम हा मीडिया (पेशी वाढवायचा द्रव), २० टक्के सीरम, पेनिसिलीन-स्ट्रेप्टोमायसिन. सोबत आयएल-७ आणि फ्लिट३ लिगँड ही वाढीला मदत करणारी प्रथिनं, सुरुवातीला दोन्ही मिलिलिटरला ५ नॅनोग्रॅम. खाली ओपी९-डीएल१चा थर, वर अस्थिमज्जेतून वेगळ्या केलेल्या मूळ पेशी. चार-पाच दिवसांनी सगळं पिपेटने हलवून सोडवायचं, ४० मायक्रॉनच्या जाळीतून गाळायचं म्हणजे आधारपेशींचे पुंजके वर राहतात, आणि खाली आलेल्या पेशी ताज्या थरावर ठेवायच्या. कृती एवढीच. नव्या मुलीला मी हे एका दुपारी शिकवते आणि पुढच्या वेळी ती एकटी करते.

पहिल्या आठवड्यात प्लेट मायक्रोस्कोपखाली जरूर बघा. खाली पसरट, टोकं लांब झालेल्या ओपी९, जवळजवळ पारदर्शक. त्यांच्यावर गोल, कडा चकाकणाऱ्या लहान पेशींचे घोस, भिजलेल्या साबुदाण्यासारखे एकमेकांना चिकटलेले. फोकस थोडा खाली नेला की कळतं, काही घोस थराच्या वर नाहीत, खाली शिरले आहेत. त्या पेशी चकाकत नाहीत, करड्या दिसतात. मीडिया बदलताना वरवरच्या पेशी तेवढ्या उचलल्या आणि खालच्या सोडल्या तर मोजणी चुकते. म्हणून पिपेटिंग जोरात करा, भिऊ नका.

खरी मजा फ्लोवर आहे, म्हणजे पेशींवर रंगीत खुणा लावून एकेक पेशी तपासणाऱ्या फ्लो सायटोमीटरवर. सुरुवातीच्या थायमस पेशींवर सीडी४ हे पृष्ठभागावरचं प्रथिन नसतं, सीडी८ही नसतं, म्हणून त्यांना डबल निगेटिव्ह, डीएन म्हणतात. त्यांचे टप्पे सीडी४४ आणि सीडी२५ या दोन खुणांवर ओळखायचे. डीएन१वर सीडी४४ असतं, सीडी२५ नाही. डीएन२वर दोन्ही. डीएन३वर सीडी४४ गेलेलं, सीडी२५ राहिलेलं. डीएन४वर दोन्ही गेलेले. एकाच प्लेटमधून दर दोन दिवसांनी थोड्या पेशी काढून चालवल्या तर प्लॉटवरचा ठिपक्यांचा ढग आधी वर सरकतो, मग आडवा वळतो, मग खाली उतरायला लागतो. पाठ्यपुस्तकात बाण काढून दाखवलेलं असतं तेच, पण इथे ते तुमच्या स्वतःच्या पेशींचं असतं. आमच्याकडच्या एका मुलाने तीन तारखांचे प्लॉट शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाला, “ताई, या खरंच चालत निघाल्यात!” त्या दिवशी त्याला टी पेशींचा विकास समजला, आणि त्यासाठी मला फळ्यावर काहीही लिहावं लागलं नाही.

या पेशींचा सर्वांत मोठा गुण सांगते. नॉचचा संदेश तुमच्या हातात असतो. हवा तेव्हा द्या, हवा तेव्हा काढून घ्या. ओपी९-डीएल१वरच्या पेशी उचलून साध्या ओपी९वर ठेवल्या की संदेश बंद. थर न बदलता बंद करायचा असेल तर नॉच कापणाऱ्या गॅमा-सिक्रीटेज या एन्झाइमचा रोधक घाला. नॉच कापलाच जात नाही. शरीरातल्या थायमसमध्ये असं बटण दाबता येत नाही.

आणि हे बटण असल्यामुळेच निश्चिती, म्हणजे टी पेशीच व्हायचं पक्कं होणं, कधी होते याचं उत्तर मिळतं. डीएन२चे पुन्हा दोन भाग पडतात: किट हे प्रथिन खूप असलेल्या डीएन२ए, आणि ते थोडं उतरलेल्या डीएन२बी. सॉर्टरवर (खुणांप्रमाणे पेशी वेगळ्या करणाऱ्या यंत्रावर) दोन्ही वेगळ्या करा. अर्ध्या अर्ध्या ओपी९-डीएल१वर, उरलेल्या साध्या ओपी९वर. नंतर सीडी११बी, सीडी११सी, एनके१.१ या मायलॉइड (मॅक्रोफेजच्या कुळातल्या), डेंड्रिटिक आणि एनके पेशींच्या खुणा लावून बघा. डीएन२ए पेशींवरचा नॉच काढून घेतला की त्यांच्यातून मायलॉइड पेशी निघतात, डेंड्रिटिक निघतात, एनके निघतात. डीएन२बीमधून जवळजवळ काहीच निघत नाही. त्यांना टी पेशीच व्हायचं असतं. नॉच नसला तर त्या मरतील, पण दुसरं काही होणार नाहीत. दोघींवर सीडी४४ आहे, दोघींवर सीडी२५ आहे, प्लॉटवर त्या एकमेकींना खेटून आहेत, आणि तरी मधल्या एवढ्याशा जागेत सगळा निकाल लागलेला असतो. हा प्रयोग प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी स्वतःच्या हाताने करावा असं मला मनापासून वाटतं.

मधल्या जागेत काय घडतं? बीसीएल११बी हे जनुक चालू होतं. २०१० साली ‘सायन्स’ नियतकालिकात एकाच वेळी तीन गटांचे शोधनिबंध आले, आणि तिघांचाही रोख याच जनुकावर होता. ते नसेल तर पेशी डीएन२ला अडकून राहतात आणि बाकीच्या वाटा सोडत नाहीत. पक्क्या झालेल्या टी पेशींमधून ते काढून टाकलं तरी त्यांच्यात एनके पेशींसारखे गुण येऊ लागतात. म्हणजे निर्णय एकदा घेऊन संपत नाही, तो टिकवावाही लागतो. नॉचच्या संदेशाने आधी टीसीएफ-१ आणि गाटा३ ही जनुकं चालू-बंद करणारी प्रथिनं वाढतात. पीयू.१ हा घटक सुरुवातीला भरपूर असतो, तो पेशींना वाढायला मदत करतो आणि मायलॉइड वाटही उघडी ठेवतो. बीसीएल११बी वर येतं तेव्हा पीयू.१ उतरणीला लागलेला असतो.

त्याहून सुंदर काम कॅल्टेकच्या एलन रोथेनबर्ग आणि मायकेल एलोवित्झ यांच्या गटांचं आहे, २०१८ मधलं. त्यांनी उंदीर असा बनवला की बीसीएल११बीच्या दोन प्रतींपैकी एक चालू झाली की पिवळा रंग, दुसरी झाली की लाल. दोन्ही प्रती एकाच केंद्रकात, आजूबाजूला तेच घटक, तोच नॉच. तरी त्या एकत्र चालू होत नाहीत. एक सुरू होते आणि दुसरी बंदच राहते, कधी कधी कित्येक दिवस. म्हणजे उशीर घटकांच्या तुटवड्याने होत नव्हता; त्या त्या प्रतीवरच्या क्रोमॅटिनची (डीएनएच्या गुंडाळीची) गाठ सुटायला वेळ लागत होता, आणि ती कधी सुटेल यात नशिबाचा भाग होता. हे दिसायला एकच पेशी सलग अनेक दिवस कॅमेऱ्याखाली जिवंत आणि त्याच वाटेवर ठेवावी लागते. त्या पेशींखाली ओपी९-डीएल१चाच थर होता.

आयएल-७चं प्रमाण सांभाळा, हे स्वतंत्रपणे सांगायला हवं. ते जास्त ठेवलं की पेशी डीएन२ला वाढत राहतात, पुढे सरकत नाहीत. हवं असेल तर त्याचा उपयोग करून घ्या: भरपूर डीएन२ साठवा आणि मग आयएल-७ कमी करा, म्हणजे सगळ्या साधारण एकदमच पुढे निघतात. पुढच्या टप्प्यांसाठी आम्ही ते १ नॅनोग्रॅमवर आणतो.

आता दोष, आणि ते बारीक नाहीत.

पहिला सीरमचा. या पेशींइतकं सीरमबद्दल चोखंदळ मी दुसरं काही सांभाळलेलं नाही. एका पुरवठादाराने आम्हाला न सांगता वेगळ्या लॉटच्या बाटल्या पाठवल्या होत्या. ओपी९ छान दिसत होत्या, वाढतही होत्या, पण वरच्या पेशी डीएन१च्या पुढे जाईनात. महिनाभर सगळ्यांनी आयएल-७पासून इन्क्युबेटरच्या कार्बन डायऑक्साइडपर्यंत सगळं तपासलं, आणि जुन्या लॉटची शेवटची बाटली उघडल्यावर आठवड्यात डीएन२ दिसल्या. तेव्हापासून आम्ही चार-पाच लॉटचे नमुने मागवतो, प्रत्यक्ष टी पेशी वाढवून बघतो, आणि चांगला निघालेला लॉट एकदम मोठ्या प्रमाणात घेऊन उणे २० अंशांना ठेवतो. खर्च एकदम अंगावर येतो, म्हणून ग्रँटमध्ये तो आधीच लिहा.

दुसरा, चरबी. ओपी९ दाट झाल्या किंवा फार जुन्या झाल्या की त्यांच्यात चमकदार थेंब दिसू लागतात. त्या चरबीपेशी होऊ लागलेल्या असतात. एखाददुसरी दिसली तर चालतं, पण सगळीकडे थेंब दिसायला लागले की तो फ्लास्क टाकून द्या. “अजून एकदा चालेल” असं म्हणून वाचवलेला फ्लास्क पुढचे दोन आठवडे वाया घालवतो. प्लेट पूर्ण भरायच्या आत पासाज करा (थोड्या पेशी नव्या फ्लास्कमध्ये हलवा), शनिवार-रविवार असला तरी. दिवाळीच्या सुट्टीत कोण येणार हे आमच्याकडे आधी ठरतं, मग फराळाचं.

तिसरा, डेल्टा-लाइक १ हळूहळू दबत जातं. जनुक रेट्रोव्हायरसने घातलेलं आहे आणि त्याच्या जोडीला जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन आहे, त्यामुळे तपासणं सोपं: फ्लोवर हिरवा रंग उतरलेला दिसला की समजायचं. हिरव्या पेशी पुन्हा सॉर्ट करून घ्या किंवा जुनी कुपी काढा. पण या हिरव्या रंगामुळे तुमच्या फ्लोमधला तो चॅनल गढूळ होतो. गाळूनही काही ओपी९ खाली येतातच. म्हणून सीडी४५ (रक्तपेशींवर असते, ओपी९वर नसते अशी खूण) लावल्याशिवाय नमुना चालवू नका, आणि पिवळ्या रिपोर्टरचे उंदीर वापरत असाल तर दुप्पट काळजी घ्या.

चौथा जरा तत्त्वाचा आहे. थायमसमध्ये टी पेशींसाठी अत्यावश्यक असतं ते डेल्टा-लाइक ४. तिथे डेल्टा-लाइक १ नसलं तरी अडत नाही, हे २००४ मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे आपण पेशींना जो संदेश देतोय तो शरीरातला नाही, त्याचा भाऊबंद आहे. ओपी९-डीएल४ही मिळतात आणि त्यांचा संदेश अधिक जोरकस असतो. नॉच किती मिळाला की काय होतं, असा प्रश्न असेल तर दोन्ही शेजारी ठेवा. नुसत्या टप्प्यांसाठी मला डीएल१ पुरेशा वाटतात.

आणि परिपक्वतेचं म्हणाल तर इथे या पेशी कमी पडतात. सीडी४ आणि सीडी८ दोन्ही असलेल्या पेशींपर्यंत छान जातं. पुढे थायमसमध्ये त्या पेशींची परीक्षा होते, उपकला पेशींवरच्या एमएचसी रेणूंशी (प्रथिनांचे तुकडे टी पेशींना दाखवणाऱ्या रेणूंशी) जुळवून बघितलं जातं, आणि बहुसंख्य पेशी तिथेच मरतात. सीडी४ पेशींना लागणारे दुसऱ्या वर्गाचे एमएचसी ओपी९वर नसतात. त्यामुळे थोड्या सीडी८ पेशी मिळतात, सीडी४ जवळजवळ नाहीतच. मानवी नाळेच्या रक्तातल्या पेशी असतील तर दोन्ही खुणा असलेल्या पेशी दिसायलाही महिना-दीड महिना थांबावं लागतं, आणि एवढा वेळ ताजे थर पुरवत राहणं म्हणजे कल्चर रूममधल्या माणसाचा जीव घेणं आहे. त्यासाठी लॉस एंजेलिसमध्ये गे क्रुक्स यांच्या गटाने २०१७ साली मांडलेले कृत्रिम थायमिक ऑर्गनॉइड घ्या: एमएस५ नावाच्या आधारपेशीत डेल्टा-लाइक घालून, मूळ पेशींबरोबर गोळा करून हवा आणि मीडियाच्या सीमेवर ठेवायचा. तिथे परिपक्व पेशी येतात, सारखं हलवाहलवही नाही. पण मधल्या टप्प्यावर हात घालता येत नाही. प्राण्याच्या पेशी नकोतच, रुग्णाला द्यायच्या टी पेशींचा विचार आहे, असं असेल तर प्लेटवर डेल्टा-लाइक ४ आणि व्हीकॅम-१ ही प्रथिनं बसवून बिनआधारपेशींची पद्धत आहे. ती स्वच्छ आहे, महाग आहे, आणि तिथे प्रथिनाच्या प्रत्येक बॅचवर मदार.

मी एवढ्या तळमळीने का लिहिते, तर आमचं काम रक्ताच्या कर्करोगावर आहे. टी पेशींच्या तीव्र ल्युकेमियात निम्म्याहून जास्त रुग्णांमध्ये नॉच१चे उत्परिवर्तन सापडतं, आणि त्यातला एक प्रकार असा आहे की त्याच्या पेशी निश्चितीच्या अलीकडेच अडकलेल्या असतात. डीएन२एपासून डीएन२बीपर्यंतचं ते पाऊल लहान मुलांच्या वॉर्डमधल्या फायलींत दिसतं. म्हणून विद्यार्थ्यांनी ते आकृतीत बघून पुढे जाऊ नये असं मला वाटतं.

मागवायचं कसं: साध्या ओपी९ अमेरिकेतल्या एटीसीसी या पेशीसंग्रहातून विकत मिळतात. कंट्रोल म्हणून त्या लागतातच. डीएल१ घातलेल्या पेशींसाठी त्या बनवणाऱ्या टोरांटोच्या लॅबशी साहित्य-हस्तांतरणाचा करार करायचा. जनुकबदल केलेल्या पेशी असल्याने संस्थेच्या जैवसुरक्षा समितीकडे अर्ज आधी टाका, उंदरांसाठी प्राणी नीतिसमितीची परवानगी वेगळी. कागद हातात आल्याशिवाय पार्सल निघू देऊ नका. आमचं एक पार्सल एका कुरिअर कंपनीने कागदांच्या घोळात अडकवलं आणि पोचलं तेव्हा कोरडा बर्फ संपलेला होता. कुप्या मेल्या, पुन्हा विनंती करावी लागली. पेशी पोचल्या की प्रयोगाची घाई करू नका. पहिल्या दोन-तीन पासाजमध्येच भरपूर कुप्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवा, प्रत्येकीवर पासाजचा आकडा आणि सीरमचा लॉट लिहा, मायकोप्लाझ्मा या जिवाणूची तपासणी करून घ्या, आणि चालू फ्लास्क थोडा जरी बिघडला तरी नवी कुपी उघडा.